सतरा टक्क्यांची मर्यादा

(दृश्य : टेक्सारकाना शहर, स्टेट लाइन ॲव्हेन्यू)

हा रस्ता अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या सीमेवरूनच जातो. एका बाजूला आर्कान्सा, समोर टेक्सस. पोस्टाची इमारतसुद्धा अर्धी इकडे, अर्धी तिकडे. १९७०च्या दशकात हप्त्यावर गाडी किंवा फ्रिज घ्यायचा, तर आर्कान्सातलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून टेक्ससमध्ये जायचं.

कारण आर्कान्साच्या १८७४च्या राज्यघटनेनं व्याजाला १० टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्याहून जास्त व्याज लावणाऱ्याचं व्याज तर जायचंच, मुद्दलही बुडायचं. कर्जदाराला याहून भक्कम संरक्षण काय हवं? पण धनको काही धर्मादाय करायला बसलेला नसतो. कुणी वस्तूची किंमतच वाढवायचा, कुणी उधारीला सरळ नाही म्हणायचा.

(दृश्य : जुनी वर्तमानपत्रं)

डिसेंबर १९८०. अमेरिकन बँका आपल्या सर्वांत भरवशाच्या गिऱ्हाइकांनाही साडेएकवीस टक्के दर लावत होत्या. १९८२ मध्ये आर्कान्साच्या मतदारांनी घटना बदलली. कर्जासाठी नवी मर्यादा ठरली : फेडरल रिझर्व्हचा डिस्काउंट रेट, म्हणजे मध्यवर्ती बँक इतर बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, अधिक ५ टक्के. बाजार चढला की मर्यादाही चढणार. हिशेब चोख वाटला. बाजार उतरला तर? त्या महागाईत हा प्रश्न कुणाला सुचणार!

डिसेंबर २००८ मध्ये मंदीनं तो दर अर्ध्या टक्क्यावर आणला. मर्यादा साडेपाचवर आली. बँकांना १९९९च्या केंद्रीय कायद्यानं या मर्यादेतून आधीच वाट काढून दिली होती. कात्रीत सापडला तो स्वतः हप्ते बांधून देणारा गाड्यांचा डीलर, फर्निचरवाला.

(दृश्य : मतदान केंद्र)

२ नोव्हेंबर २०१०. मतपत्रिकेवर ‘इश्यू २’. त्यात व्याजाची मर्यादा, सरकारी रोख्यांचे दर आणि ऊर्जाबचतीच्या कामांसाठीचे रोखे, सगळं एकाच प्रश्नात कोंबलेलं. व्याजाचा बदल हवा पण रोखे नकोत, अशा मतदारानं काय करायचं? हे काही बरोबर झालं नाही. तरी प्रस्ताव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला.

१ जानेवारी २०११ पासून बँकांबाहेरच्या कर्जाला, मग ते घरखर्चासाठी असो की धंद्यासाठी, कमाल १७ टक्के. फेडच्या दराशी असलेली गाठ सुटली आणि घटनेत पुन्हा ठाम आकडा बसला. तो बदलायचा, तर पुन्हा मतपत्रिका छापावी लागेल.