एकाच पेटीत तीन हवामानं

(पडद्यावर: बल्बच्या उबेवर अंडी उबवायची थर्माकोलची पेटी, झाकणावर तापमानाचे लाल आकडे.)

आकडा ३७.५ अंश सेल्सिअस दाखवतोय. पेटीत बारा अंडी आहेत. बघणाऱ्याला वाटतं, बाराच्या बारा साडेसदतीसावर सुखात आहेत.

आता हा आकडा देणारा सेन्सर आहे तिथेच राहू दे. त्याच पेटीत आणखी तीन थर्मामीटर ठेवू. एक बल्बखालच्या अंड्याला लागून, एक काचेच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात, एक जाळीखाली तळाशी. झाकण लावायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही.

(थर्मामीटर एकेक करून जवळून.)

३९.१. ३६.४. ३५.२. आणि झाकणावर अजूनही ३७.५. तो आकडा खोटा नाही. फक्त तो सेन्सरच्या टोकापुरता खरा आहे.

कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत तयार होतं, पण हा हिशेब नीट उबेचा. सतत जास्त तापलेल्या अंड्यातलं पिल्लू वेळेआधी येतं आणि बऱ्याचदा त्याची बेंबी पुरती मिटलेली नसते. गार कोपऱ्यातलं रेंगाळतं, आणि आलं तरी सुस्त असतं. म्हणून एकाच दिवशी ठेवलेली अंडी तीन-तीन दिवस फुटत राहतात. दोष मात्र अंड्यांना जातो, नाहीतर बिचाऱ्या कोंबड्याला.

खुडूक कोंबडीखाली तरी सगळीकडे सारखी ऊब कुठे असते? पोटाखाली गरम, कडेला गार. पण ती स्वस्थ बसत नाही. चोचीनं कडेचं अंडं आत ओढते, आतलं बाहेर जातं. पेटीत हे काम करायला कोणी नाही. बिनपंख्याची पेटी असेल तर अंडी उलटसुलट फिरवताना त्यांच्या जागाही बदला. शिवाय अशा पेटीत साडेसदतीस पुरत नाहीत. गरम हवा वर आणि गार हवा खाली असे थर बसतात, म्हणून अंड्याच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.९ ठेवावे लागतात. साडेसदतीस हा पंख्याच्या पेटीचा आकडा आहे.

(पंखा, जवळून. कॉम्प्युटरमधून काढलेला, पात्यांवर धुळीची रेघ.)

तर पंखा. १२ व्होल्टचा, ८० मिलिमीटरचा. आमच्या पहिल्या पेटीत आम्ही तो बल्बच्याच वायरीला जोडला होता. एक वायर वाचली म्हणून खूशही होतो. बल्ब लागला की पंखा फिरायचा, थर्मोस्टॅटनं, म्हणजे तापमान बघून बल्ब चालू-बंद करणाऱ्या यंत्रानं, बल्ब बंद केला की पंखाही बंद. म्हणजे जेव्हा बल्बपाशी साचलेली ऊब पेटीभर वाटायची, नेमका तेव्हाच वाटणारा झोपलेला. तापलेली हवा वर जाऊन बसायची, तळ गार पडायचा. पंख्याला स्वतंत्र वायर हवी आणि तो रात्रंदिवस फिरायला हवा.

दुसरी चूक बहुतेक जण करतात: पंखा अंड्यांवर रोखतात. वाऱ्याच्या झोतातलं अंडं सुकतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटावं, पण झोतातलं अंडं त्याहून जास्त पाणी गमावतं. म्हणून पंखा वर, तोंड छताकडे. हवा आधी बल्बवरून जाऊ दे, छताला लागून पसरू दे, भिंतींवरून खाली उतरू दे आणि जाळीखालून परत वर येऊ दे. त्यासाठी अंड्यांची जाळी भिंतीला चिकटवू नका, चारही बाजूंनी दोन बोटं जागा सोडा. जाळीऐवजी पुठ्ठा टाकलात तर हा फेराच तुटतो. बल्ब आणि अंडी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसाही हवा. बल्बची धग सरळ कवचावर पडते, आणि ती पंख्यानं विखुरत नाही.

(टिश्यू पेपरच्या पट्ट्या, पेटीच्या आत.)

हवा दिसत नाही, म्हणून ही युक्ती. टिश्यू पेपरच्या बोटभर पट्ट्या कापायच्या आणि चारही कोपऱ्यांत, अंड्यांच्या उंचीवर, दोऱ्यानं लटकवायच्या. झाकण लावून खिडकीतून बघायचं. पट्टी जेमतेम थरथरली पाहिजे. ही बघा, पंख्याजवळची फडफडतेय. वारा फार झाला. १२ ऐवजी ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला की पंखा मवाळ होतो. आणि ही खिडकीकडची ढिम्म लटकलीय. तिथे आम्ही एक अंडं उचलून जाळीचा कोपरा मोकळा केला, काचेवर बाहेरून थर्माकोलचा तुकडा दाबला. आता बघा.

(पट्टी हलते. काही सेकंद निवेदन नाही.)

हवा फिरवणं वेगळं आणि हवा बदलणं वेगळं. पंखा आतलीच हवा घुसळतो. पण कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि आतला जीव त्यांतून प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यासाठी पेन्सिल जाईल एवढी दोन भोकं खाली, दोन वर. खालची भोकं अंड्यांसमोर नकोत. येणारी गार हवा आधी बल्बकडे गेली पाहिजे. ऊब निसटते म्हणून ही भोकं बुजवायचा मोह होतो. बुजवू नका.

थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात. बल्ब लागण्या-विझण्यातलं अंतर दोन अंशांवर ठेवलेलं असेल तर ते अर्ध्या अंशाच्या आत आणा. सेन्सर अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ठेवा, बल्बपासून आणि पाण्याच्या वाटीपासून दूर. आणि त्याचा आकडा एकदा ताप बघायच्या थर्मामीटरशी ताडून बघा: कोमट पाण्यात दोन्ही टोकं शेजारी धरली की फरक कळतो. ६० वॅटच्या एका बल्बऐवजी २५ चे दोन लावा. ऊब पसरते, आणि रात्री एक गेला तरी दुसरा सकाळपर्यंत तग धरतो.

(अठरावा दिवस.)

शेवटच्या आठवड्यात पेटीचा स्वभावच बदलतो. सुरुवातीला ऊब घेणारी अंडी आता स्वतःच ऊब सोडतात, बल्ब कमी वेळा लागतो. दाटीवाटीच्या ओळीत मधलं अंडं कडेच्या अंड्यापेक्षा गरम राहतं, म्हणून हवा फिरण्याची खरी गरज आता आहे. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद. वरची भोकं पूर्ण उघडी. आर्द्रता ६५ ते ७० टक्के. त्यासाठी वाटी खोल नको, पसरट हवी. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून सुटते. झाकण मात्र उघडायचं नाही.

(एकविसावा दिवस, पहाट. पंख्याची घरघर. मग त्यातून बारीक चिवचिव.)

पहिला टोचा पडला तो खिडकीकडच्या कोपऱ्यात. दुपार कलायच्या आत मधल्या ओळीतही तडे दिसायला लागले. ओलं पिल्लू जाळीवर लोळतंय, आणि त्याच्या डोक्यावर टिश्यूची पट्टी अजून थरथरतेय.