एकट्यापुरता ओटा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या रविवारी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मी एकटाच चालायला गेलो. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. "एकट्यानं काय करणार तिकडे?" घरून विचारणा झाली. उत्तर सुचेना, म्हणून छत्री उचलली आणि निघालो.

सुरुवातीला एकांत वगैरे काही नसतो. फिरायला आलेल्यांची गर्दी, मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी. दोन-तीन वळणं मागे पडली की मात्र पाऊस थांबल्यावरही पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागतं. एका वळणावर भर रस्त्यात एक खेकडा नांग्या उगारून उभा. मी थांबलो, तोही थांबला. शेवटी मीच वळसा घातला. सोबत कुणी असतं तर फोटो काढून पुढे गेलो असतो.

एक मात्र सांगतो, एकटे असाल तर रस्ता सोडून झाडीत शिरू नका. ते बिबट्याचं घर आहे. शिलोंढ्यासारख्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते, ती उगाच नाही.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. बहुतेक लोक तीन नंबरचं चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं मोठं दालन, आणि तिथल्या उंच बुद्धमूर्ती बघून परततात. मी वर चढत गेलो. वर लहान लहान लेणी आहेत: पुढे ओसरी, आत एक खोली, भिंतीला लागून दगडाचाच ओटा आणि दाराशेजारी पाण्याचं टाकं, म्हणजे पोढी. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी अजून त्यात उतरतं. शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं आहेत. व्यापाऱ्यांनी पैसा दिला, पाथरवटांनी काळा कातळ फोडला, आणि ओटा कोरला तो एका माणसाला पाठ टेकता येईल एवढाच. पावसाळ्यात भिक्खू फिरस्ती थांबवून एका जागी राहत. ओट्यावर बसलो. दगड गार होता, बाहेर सर कोसळत होती. अर्धा तास कुणाशी बोललो नाही, आणि बोलावंसंही वाटलं नाही.

उतरताना पायथ्याशी मीठ-मसाला लावलेली काकडी घेतली. विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "एकलेच आलात का, भाऊ?" मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात माकडानं हातातली काकडी पळवली. मावशींनी न बोलता दुसरी चिरायला घेतली.

नमस्कार.