हेन्स: वाटेच्या टोकावरचं गाव

दृश्य: सकाळ. जहाजाचा डेक, दोन्ही बाजूंना डोंगर, पाण्यावर धुकं.

अलास्काच्या क्रूझवर आल्यापासून हा पहिलाच दिवस, ज्या दिवशी आम्ही काहीच बुक केलेलं नाही. ना हेलिकॉप्टर, ना ट्रेन, ना व्हेल बघायची बोट. काल डायनिंग हॉलमध्ये शेजारचे कोणीतरी म्हणाले, उद्याच्या गावात बघण्यासारखं काही नाही, जहाजावरच आराम करा. आईने ऐकलं आणि रूमवर आल्या आल्या बूट काढून दारापाशी ठेवले, म्हणाली आपण लवकर उतरू या.

आत्ता आपण लिन कॅनालमध्ये आहोत. नाव कॅनाल असलं तरी हा कोणी खणलेला कालवा नाही, हिमनद्यांनी कोरून काढलेली समुद्राची खाडी आहे, साधारण ९० मैल लांब आणि काही ठिकाणी २,००० फुटांपेक्षा खोल. १७९४ मध्ये ब्रिटिश नौदलाचा कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर याच्या मोहिमेने इथला किनारा मोजला आणि त्याने आपल्या जन्मगावाचं, किंग्ज लिनचं, नाव या पाण्याला दिलं. पण क्लिंकिट, म्हणजे इथले मूळ रहिवासी, त्यांची आपली नावं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. समोर जे गाव दिसतंय त्याला ते देशू म्हणतात, म्हणजे वाटेचं टोक. नकाशावर नाव आहे हेन्स.

गावाची आणि आसपासची मिळून वस्ती दोन हजारांच्या थोडी वर. इथून स्कॅगवे पाण्यातून जेमतेम १५ मैल आणि बहुतेक सगळी मोठी जहाजं तिकडेच जातात, कारण सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांचा इतिहास तिकडे आहे, डोंगरातली रेल्वे तिकडे आहे. आणि गंमत म्हणजे हेन्सहून स्कॅगवेला गाडीने जायचं तर कॅनडात शिरायचं, दोन घाट ओलांडायचे आणि परत अलास्कात उतरायचं, साधारण ३५० मैल! म्हणून इथली माणसं सरळ फेरी पकडतात.

दृश्य: धक्का. लाकडी पूल. आई कठड्याला धरून सावकाश चालतेय.

धक्क्यावर उतरलं की समोर चढावर मोठं हिरवं मैदान आणि त्याच्या कडेने पांढऱ्या दुमजली घरांची रांग. हा फोर्ट सेवर्ड, अमेरिकन सैन्याचा जुना तळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलाय, कारण तेव्हा कॅनडाबरोबर सरहद्दीचं भांडण चालू होतं. १९०३ मध्ये लवादाचा निकाल लागला आणि भांडण मिटलं, तळ मात्र राहिला, दुसरं महायुद्ध संपेपर्यंत. १९४७ मध्ये युद्धावरून परतलेल्या काही सैनिकांनी मिळून हा सगळा तळच विकत घेतला आणि बायकामुलांसकट इथे राहायला आले. त्यांच्यातल्या काहींनी सैन्याचं जुनं लँडिंग क्राफ्ट, म्हणजे सैनिक आणि गाड्या थेट किनाऱ्यावर उतरवणारी सपाट बोट, घेऊन गाड्या नेणारी फेरी सुरू केली आणि आज अलास्काची जी सरकारी फेरी सेवा आहे ना, तिची सुरुवात तिथून झाली. मला ही गोष्ट फार आवडते. विकत घेतलेलं घर रंगवत बसण्याआधी या लोकांनी जाण्यायेण्याची सोय केली.

तळाच्या जुन्या हॉस्पिटलमध्ये आता टोटेम खांब कोरले जातात, प्राणी आणि माणसांच्या आकृत्यांचे उंच लाकडी खांब. आतमध्ये लाकडाचा वास भरून राहिलेला आणि कोरणाऱ्याच्या हातात अगदी आपल्या सुतारांच्या वाकसासारखं हत्यार. आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, चिपळूणला सुतारकाम करायचे, त्यामुळे आई तिथे किती वेळ उभी होती ते सांगत नाही. एक शब्द बोलली नाही, नुसती त्या माणसाच्या मनगटाकडे बघत होती.

मग तिथून खाली मेन स्ट्रीटला आलो आणि दारासमोर एक भलामोठा हातोडा उभा. हॅमर म्युझियम. हो, फक्त हातोड्यांचं म्युझियम, इथल्याच एका माणसाने २००२ मध्ये सुरू केलेलं, मांडलेले हातोडेच दोन हजारांच्या आसपास असतील. चांभाराचे, घोड्याला नाल मारणाऱ्याचे, डॉक्टरांचे गुडघ्यावर मारायचे, आणि बँकेत चेक रद्द करायला एक खास हातोडा असायचा हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. इमारतीच्या पायासाठी खणताना मातीत एक दगडी हातोडा मिळाला, क्लिंकिट लोकांचा, खूप जुना, तोही आत ठेवलाय. म्हणजे म्युझियम वर बांधायचं चाललं होतं आणि एक हातोडा खाली आधीच होता.

दृश्य: चिल्काट नदी, रुंद पात्र, राखाडी पाणी.

आता वाटेचं टोक म्हणजे कुठल्या वाटेचं, ते सांगतो.

गावापासून २० एक मैलांवर नदीकाठी क्लुक्वान आहे, चिल्काट क्लिंकिट लोकांचं गाव. वसंतात इथल्या नद्यांमध्ये हूलिगन नावाचे छोटे मासे चढतात, इतके तेलकट की त्यांचं तूप काढून ठेवता येतं. ते तूप पाठीवर घेऊन लोक डोंगरापलीकडे जायचे आणि तिथल्या लोकांकडून कातडी आणायचे. वाट यांच्या ताब्यात होती, परक्याला त्या वाटेने जाऊ द्यायचे नाहीत. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे या ब्रिटिश कंपनीने पलीकडे युकॉन नदीवर फोर्ट सेल्कर्क हे ठाणं उघडून यांच्या व्यापारात हात घातला, तेव्हा १८५२ मध्ये चिल्काट लोक डोंगर ओलांडून गेले आणि त्यांनी ते ठाणं बंद पाडलं.

त्या मोहिमेत कोक्लक्स होता, जो पुढे क्लुक्वानचा मुख्य झाला. १८६९ च्या ऑगस्टमध्ये सूर्यग्रहण बघायला जॉर्ज डेव्हिडसन नावाचे शास्त्रज्ञ क्लुक्वानला आले होते, आणि ज्याने दोनच वर्षं आधी अलास्का विकत घेण्याचा करार केला तो विल्यम सेवर्डही तेव्हा इथे येऊन गेला, वरच्या तळाला त्याचंच नाव आहे. तर डेव्हिडसनसाठी कोक्लक्स आणि त्याच्या दोन बायका, तिघांनी मिळून, दोन-तीन दिवस बसून त्या सगळ्या वाटेचा नकाशा काढला, नद्या, तळी, डोंगर, थेट फोर्ट सेल्कर्कपर्यंत. तोवर त्यांनी कधी हातात पेन्सिल धरली नव्हती असं सांगतात. तो नकाशा आजही कॅलिफोर्नियात बर्कलीच्या बॅनक्रॉफ्ट लायब्ररीत जपून ठेवलाय. नकाशे काढणारे आणि जागांना नावं देणारे सगळे बाहेरूनच आले असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आणि त्या दोन बायका! त्यांच्याबद्दल मला अजून खूप वाचायचंय.

दृश्य: चिल्कूट नदी. पाण्यात आडवा जाळीचा बांध.

दुपारी व्हॅनने चिल्कूट नदीवर गेलो, तळ्यातून निघून मैलभरात खाडीला मिळणारी ही छोटीशी नदी. मध्ये जाळीचा बांध घातलाय आणि त्याच्या एका फटीपाशी माणूस बसून वर जाणारे सॅमन मोजतो, एकेक मासा, रोज, सीझनभर. किती मासे अंडी घालायला वर पोचले त्यावरून कोळ्यांनी खाली खाडीत किती दिवस जाळी टाकायची ते ठरतं. थोड्या वेळाने झाडीतून अस्वल आलं, तपकिरी, मागे दोन पिल्लं. बांधापाशी उभं राहून तिनेही आपला मासा घेतला. कोणी ओरडलं नाही, कोणी जवळ गेलं नाही, आईने माझा दंड घट्ट धरलेला.

गरुड आम्हाला सातआठच दिसले. त्यांचा खरा मेळा ऑक्टोबरनंतर भरतो. नोव्हेंबरात बाकीच्या नद्या गोठतात, पण क्लुक्वानजवळ जमिनीखालून थोडं ऊबदार पाणी झिरपत राहतं, तेवढा पट्टा मोकळा राहतो, तिथे उशिराचे सॅमन येतात आणि तीन-तीन हजार गरुड जमतात. १९८२ पासून ही ४८,००० एकर जागा राखीव आहे. आणि याच अलास्कात १९१७ ते १९५३ गरुड मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत होतं, मासे खातात म्हणून, एक लाखाच्या वर मारले गेले. झाडाच्या शेंड्यावर बसलेला तो एकटा गरुड मी नंतर बराच वेळ बघत राहिलो.

दृश्य: संध्याकाळ. जहाज धक्क्यापासून सुटतंय, पांढरी घरं लहान होत जातात.

रात्री जहाज फार लांब गेलं नाही. सकाळी पडदा सरकवला तर स्कॅगवे, रांगेत आणखी तीन जहाजं, धक्क्यावर माणसंच माणसं आणि रेल्वेची शिट्टी. आई चहाचा कप घेऊन बाल्कनीत आली, सगळं नीट बघितलं आणि विचारलं, कालचं गाव कुठल्या बाजूला रे? मी खाडीकडे हात केला. ती खुर्ची तिकडे वळवून बसली.