रिकामा क्रमांक १८६

(काळा पडदा. मधोमध एकच ओळ उमटते: अ + ब)

ही ओळ रूबी भाषेतली आहे. अ आणि ब म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही. संख्या असतील, मजकूर असेल, नाहीतर याद्या. रूबीचं त्यावाचून अडत नाही. ओळ चालायची वेळ आली की ती अ ला गाठते आणि त्यालाच विचारते: तुझ्याकडे ‘+’ नावाची मेथड, म्हणजे ते काम करून देणारा कोडचा तुकडा, आहे का?

आता हीच ओळ जावा भाषेच्या यंत्रावर, जेव्हीएमवर चालवायची आहे. हे यंत्र म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर. १९९७ मध्ये जिम ह्यूगुनिन यांनी पायथन भाषेला या यंत्रावर आणलं. २००१ मध्ये रूबीसाठी जेरूबी सुरू झाली. हा खटाटोप कशासाठी? इथे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तयार आहे, एकाच वेळी अनेक कामं चालवणारे खरे थ्रेड आहेत, जावाच्या असंख्य लायब्ररी आहेत. शिवाय पुन्हापुन्हा चालणारा कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा जिट कंपायलर आहे. तो एकटा लिहायचा म्हटला तरी वर्षं जातील.

पण यंत्राला वळण जावाचं.

(बाइटकोडची, म्हणजे जेव्हीएमला समजणाऱ्या सूचनांची, यादी सरकते. १८२ ते १८५ उजळतात.)

जेव्हीएमची प्रत्येक सूचना एका बाइटच्या क्रमांकाने ओळखली जाते. मेथड बोलावणाऱ्या सूचना सुरुवातीला चार होत्या, आणि चौघींची अट एकच: मेथड कुठल्या क्लासची (म्हणजे मूल्याच्या प्रकाराची) किंवा इंटरफेसची (म्हणजे मेथडच्या नुसत्या कराराची), तिला कुठल्या प्रकारची मूल्यं द्यायची, हे आधीच लिहून द्या. रूबीकडे तर नेमकं हेच उत्तर नसतं. मग जेरूबी स्वतःच्या कोडने अ चा क्लास बघे, त्याच्या यादीत ‘+’ शोधे, सापडलेलं पुढच्या खेपेसाठी जपून ठेवी. उत्तर बरोबर येई, पण या वळशापलीकडचं जिटला दिसत नसे. छोटी मेथड उचलून बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळून टाकणं, हे त्याचं सर्वांत मोठं कसब. ते इथे वाया जाई.

अडचणी आणखीही होत्या. रूबीची पूर्ण संख्या हवी तेवढी वाढते, जावाचा लाँग हा संख्येचा प्रकार ६४ बिटांवर संपतो. म्हणजे प्रत्येक बेरजेनंतर तपासणी आली. पण खरं दुखणं मेथड बोलावण्याचंच.

(यादी पुन्हा दिसते. १८५ नंतर मोकळी जागा, मग १८७.)

१८६ हा क्रमांक सुरुवातीपासून रिकामा पडून होता. जेव्हीएमवर काम करणारे अभियंते जॉन रोझ यांच्या पुढाकाराने तिथे नवी सूचना बसली, आणि जुलै २०११ मध्ये जावा ७ बरोबर ती आली. तिचं नाव इनव्होकडायनॅमिक.

यंत्र पहिल्यांदा तिच्यापाशी पोचतं तेव्हा भाषेलाच विचारतं: इथे कोणाला बोलावायचं? भाषा शोध घेते आणि मेथडचा पत्ता हाती देते. यंत्र तो तिथेच जोडून टाकतं. पुढच्या वेळी अ त्याच क्लासचा निघाला तर थेट उडी. वेगळा निघाला तर पुन्हा विचारणा. आता सगळा रस्ता जिटच्या डोळ्यांसमोर असतो.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जावा ७ मध्ये खुद्द जावाचा कंपायलर ही सूचना वापरतच नव्हता. ती बसवली गेली दुसऱ्या भाषांसाठी.

२०१४ मध्ये जावा ८ आली, लॅम्डा, म्हणजे नाव न देता लिहिलेली छोटी फंक्शनं, घेऊन.

(जावाची एक लॅम्डा. खाली तिच्या क्लास फाइलचे बाइट. कॅमेरा एकावर थांबतो: १८६.)