कडी न् कडी

[शेड. भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेल्या साखळ्या.]

सकाळचे सात. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली ही फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना. क्रेन सुरू होण्याआधी वजन उचलायच्या साखळ्या खुंटीवरून खाली उतरतात आणि चिंधीनं पुसल्या जातात. तेल आणि काजळीखाली चीर दिसत नाही.

[बोटं. कडीमागून कडी सरकते.]

हे हात बघा. पीळ बसलाय का, खाच पडलीय का, कडी लांबलीय का, सगळं बोटांना कळतं. पण खरी झीज होते ती दोन कड्या एकमेकींत बसतात तिथे, आतल्या बाजूला. ताणलेल्या साखळीत ती जागा झाकलेली राहते. म्हणून साखळी सैल सोडून एकेक कडी फिरवून बघायची.

[व्हर्निअर, जाडी मोजायचं साधन.]

10 मिलिमीटर जाडीची कडी झिजून 9 च्या खाली आली, की साखळी बाद. वेल्डिंग मारून चालवायची नाही. या पोलादाला ताकद आलीय ती उष्णतेच्या प्रक्रियेतून, आणि वेल्डिंगची आच तीच ताकद काढून घेते.

[हाताच्या तळव्यावर बिल्ला.]

साखळी किती जाडीची, कुठल्या ग्रेडची म्हणजे ताकदीच्या प्रतीची, किती पायांची म्हणजे हुकाखाली किती पदर सुटणारी आणि किती वजन पेलणार, ते या बिल्ल्यावर कोरलेलं असतं. बिल्ला गळालेली साखळी नवीकोरी दिसली तरी कामाला लावायची नाही. 1948 चा कारखाने अधिनियम सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा तपासणी करायला सांगायचा. पण ती झाली वर्षाची. साखळी झिजते रोज.

[4 टनांचं ओतीव काम, म्हणजे साच्यात ओतून घडवलेला भाग. दोन पायांची साखळी.]

आता कोन बघा. दोन्ही पाय सरळ उभे असते, तर प्रत्येकावर 2 टन आले असते. उभ्या रेषेपासून 60 अंश फाकवले, की त्याच वजनाचा ताण प्रत्येक पायावर 4 टन होतो. ग्रेड 80 च्या 10 मिलिमीटर साखळीचा एक पाय 3.15 टनांसाठी आहे. म्हणूनच इथे लांब पायांची साखळी आणली, कोन आवळला. धारदार कडेखाली जाड पॅड सरकवला. ओतीव काम गरम असेल तर थांबायचं: 200 अंश सेल्सिअसनंतर साखळीची क्षमता कमी धरावी लागते आणि 400 च्या वर ती वापरायचीच नाही.

[वजन जमिनीपासून वीतभर वर.]

इथे थांबायचं. तोल बघायचा. मग पुढे. इशारा एकाच माणसाचा.

वजनाखाली कुणी नाही. साखळी तुटली तर बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

[लाल रंग मारलेली साखळी. गॅस कटरच्या ठिणग्या.]

ही आज बाद झाली. रात्रपाळीत कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिचे तुकडे करतायत. तिच्या खुंटीवर उद्या नवी येईल, बिल्ल्यासकट.