मनातला विरोध मोजायचा कसा?

[दृश्य: मुलाखतकाराच्या हातातला टॅब, त्यावर एकच प्रश्न]

'स्थलांतरितांना नागरिकत्व द्यायला तुमचा विरोध आहे का?' समोर अनोळखी माणूस बसलेला असताना बरेच जण मनातलं सांगत नाहीत, शोभेल ते सांगतात. नमुना कितीही काटेकोर निवडला तरी ही चूक निघत नाही. जास्त लोकांना विचारलं, तर तेच चुकीचं उत्तर जास्त खात्रीने हाती येतं.

यावरची एक तोड म्हणजे यादीचा प्रयोग. उत्तर देणाऱ्यांचे यादृच्छिकपणे दोन गट करायचे. पहिल्या गटाला तीन गोष्टी वाचून दाखवायच्या: श्रीमंतांवर जादा कर, सरकारी कंपन्यांचं खासगीकरण, शाळेत संगणक शिकवणं. दुसऱ्या गटाला याच तीन आणि चौथी, स्थलांतरितांना नागरिकत्व. कशाला विरोध आहे हे विचारायचंच नाही. किती गोष्टींना आहे, तेवढा आकडा घ्यायचा. समजा, पहिल्या गटाची सरासरी १.१ आली आणि दुसऱ्याची १.५. हा ०.४ चा फरक चौथ्या गोष्टीने आणला, म्हणजे विरोध ४० टक्के. त्यातला कोण कुठल्या बाजूचा, ते संशोधकालाही कळत नाही.

सगळी मेख त्या तीन साध्या गोष्टींत आहे. एखाद्याचा तिन्हींना विरोध असेल, तर दुसऱ्या गटात त्याला 'चार' म्हणावं लागतं आणि गुपित फुटतं. मग तो 'तीन' म्हणून मोकळा होतो. म्हणून पहिल्या दोन गोष्टी अशा घ्यायच्या, की एकीला विरोध करणारा सहसा दुसरीच्या बाजूने असतो. तिसरीला विरोध करणारे तर विरळाच.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर भराभर दाबली जाणारी बटणं]

ऑनलाइन सर्वेक्षणात वेगळाच घोळ होतो. न वाचता बटण दाबणाऱ्यांची सरासरी ० ते ३ मध्ये १.५ येते, ० ते ४ मध्ये २. मत काहीच नाही, तरी ०.५ चा फरक तयार! उपाय सोपा आहे: पहिल्या गटाच्या यादीतही चौथी गोष्ट घालायची, पण जिला कुणाचाच विरोध असणार नाही अशी. याद्या सारख्या लांबीच्या झाल्या, की हा फुगवटा जातो.

आणि गुप्ततेची किंमत मोजावी लागतेच. १,००० जणांना थेट विचारलं तर अंदाज साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतो. यादीच्या प्रयोगात, उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात, त्याचं माप) ०.८ धरलं तर, तोच दहा टक्के. दोन-तीनशे जणांवर हा प्रयोग करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

[दृश्य: स्वित्झर्लंडमधलं एक छोटं गाव, मतपेटी]

सर्वेक्षणातलं उत्तर खऱ्या वागण्याशी ताडून पाहायची संधी क्वचितच मिळते. स्वित्झर्लंडमध्ये ती मिळाली. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत काही गावांत नागरिकत्वाच्या अर्जांवर गावकरी गुप्त मतदान करत. मतदारांच्या घरी अर्जदाराची माहिती छापून येई: वय, शिक्षण, मूळ देश, भाषा. पुढे संशोधक जेन्स हाइनम्युलर, डॉमिनिक हँगार्टनर आणि तेप्पेई यामामोटो यांनी तशाच काल्पनिक अर्जदारांबद्दल मतदारांना विचारलं आणि २०१५ मध्ये दोन्ही निकाल शेजारी ठेवले. दोन अर्जदार एकाच तक्त्यात शेजारीशेजारी दाखवणारी पद्धत खऱ्या मतदानाच्या सर्वांत जवळ गेली. तोच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला, तेव्हा मात्र ताळमेळ बराच बिघडला.