वडशाची तारीख

(दृश्य: पहाटेचं वडसा रेल्वे स्थानक. धुकं. गाडी थांबते, काही मोजकी माणसं उतरतात.)

सरकारी कागदावर या गावाचं नाव देसाईगंज. स्टेशनच्या पाटीवर वडसा, आणि लोकांच्या तोंडीही वडसाच. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे थांबते ती इथे. एरवी या फलाटावर कापडाचे गठ्ठे आणि बाजाराला निघालेली माणसं दिसतात. दिवाळी जवळ आली की त्यांच्यात आणखी काही जण मिसळतात. खांद्यावर मोठी बॅग, हातात मेकअपची पेटी. नागपूरहून, पुण्या-मुंबईहून आलेले हे नाटकांचे कलावंत आता होळीपर्यंत इथेच खोली करून राहणार. आणि जवळपास रोज रात्री एका नव्या गावात उभे राहणार.

कोणत्या रात्री कोणत्या गावात, हे ठरतं ते स्टेशनपासून थोड्या अंतरावर, बाजारातल्या एका खोलीत, नाटकांच्या बुकिंग कार्यालयात.

(दृश्य: कार्यालयाचं शटर वर जातं. भिंतभर नाटकांची पोस्टरं.)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथली रंगभूमी शंभर वर्षांहून जुनी. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं तिची मुळं. त्यांवर पुढे संगीत नाटकाचं कलम झालं, आणि आज रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं तीन अंकी नाटक उभं राहतं. 2023 साली याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा इथल्या गावागावांत आपल्याच घरी सन्मान आल्यासारखं झालं.

नटाला मान मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ज्या माणसाच्या वहीशिवाय तो नट त्या रात्री त्या गावात पोहोचलाच नसता, त्याला मात्र लोक 'बुकिंगवाला' म्हणून मोकळे होतात. कधी तर 'दलाल'ही म्हणतात. हा माहितीपट त्या वहीचा आहे.

(दृश्य: टेबलावरची वही, जवळून. बोट ओळीवरून सरकतं.)

वह्या दोन. पहिली गावांची. एका पानावर एक रात्र. गाव, तालुका, नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाचं नाव, नाटक, ठरलेली रक्कम, आलेला इसार. दुसरी वही कलावंतांची. तिच्यात माणशी एक पान आणि पानभर तारखा. इथे कलावंताच्या एका रात्रीला 'नाईट' म्हणतात, मानधनही नाईटवर. हिरोईन कोणत्या नाईटला मोकळी आहे, विनोदी नट कोणत्या तारखेला गावी जाणार आहे, ऑर्गनवाल्याच्या घरी लग्न कधी आहे, सगळं त्या पानांवर. या दोन वह्या एकमेकींशी जुळल्या की नाटक होतं. एका ओळीची चूक झाली, तर एकाच रात्री एकाच नटाची दोन गावं वाट बघत बसतात.

वहीत काही तारखा पेन्सिलने लिहिल्यात, काही पेनाने. पेन्सिल म्हणजे नुसती विचारणा. इसार हातात पडला की त्याच अक्षरांवरून पेन फिरतो. कार्यालयाचे मालक हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

(दृश्य: तीन मोटारसायकली दाराशी थांबतात. सहा तरुण आत येतात. खुर्च्या दोनच.)

दसऱ्यापासून अशी मंडळं येऊ लागतात. शेतात धान कापणीला आलेलं असतं. ते घरात आलं की गावाच्या हातात पैसा येतो. मग भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि पुढे शंकरपट. बैलांच्या शर्यती दिवसा, नाटक रात्री. त्या दिवसांत लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकीही जुळतात. अशा वेळी गावात नाटक नसणं ही गोष्ट इथे कुणाच्या कल्पनेत बसत नाही.

"भाऊ, आमाले पटाच्या रातचीच तारीक पायजे."

"बसा जी. पहिले पानी घ्या."

ही मुलं नाटक निवडायला आलीत, असं आपल्याला वाटतं. त्यांच्या नजरा पोस्टरवरच्या चेहऱ्यांवर फिरतायत. हिरोईन कोण, कॉमेडीवाला कोण, डान्स किती. मालक मात्र वेगळंच विचारत राहतात. पट किती दिवसांचा? त्याच रात्री गावात आणखी किती नाटकं? मैदान शेतात आहे की शाळेजवळ? पुलावरून सामानाचा टेम्पो जातो का?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पटाच्या रात्री एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन नाटकं लागतात. शेजारच्या मंडळाने रडवणारं कौटुंबिक नाटक घेतलं असेल, तर यांना हसवणारं द्यायला हवं. दोन्हीकडे एकाच चवीचं नाटक गेलं की तिकिटं विभागली जातात आणि एक मंडळ बुडतं. बुडालेलं मंडळ पुढच्या वर्षी वडशाला येत नाही. मालक पोस्टरकडे बघतच नाहीत, वही उघडतात. सगळ्यात महागडं नाटक गळ्यात मारणं त्यांना सोपं होतं. त्यांनी दुसरं सुचवलं. ते चित्रीत करताना आम्ही तिथेच उभे होतो.

(दृश्य: नोटा मोजणारी बोटं.)

पाचशेच्या आठ. बाकी शंभराच्या, पन्नासच्या, काही दहाच्याही. वर्गणीचा पैसा असाच असतो, घरोघरचा. एक नोट मधोमध फाटून चिकटपट्टीने जोडलेली. मालक ती बाजूला ठेवत नाहीत, गड्डीतच घेतात. पावतीपुस्तकाचं पान फाडलं जातं. पेन्सिलीवरून पेन फिरतो.

आता करारनामा. दोन प्रती, खाली सह्या. नाटक, कलावंत, वादक, पडदे ही कार्यालयाची जबाबदारी. मंच, भोवतीची कनात, वीज, वीज गेली तर जनरेटर, पोलीस ठाण्याची परवानगी आणि सगळ्या पथकाचं जेवण ही मंडळाची. प्रयोगाआधी उरलेल्या रकमेचा ठरलेला भाग, बाकी प्रयोग संपल्यावर. छापील कलमं इथे संपतात. त्याखाली निळ्या शाईने हाताने लिहिलेली एक ओळ आहे: 'महिला कलाकारांना कपडे बदलण्यासाठी दार असलेली स्वतंत्र खोली द्यावी.' मालक ही ओळ प्रत्येक करारावर स्वतः लिहितात आणि मंडळाच्या अध्यक्षाकडून मोठ्याने वाचून घेतात.

(दृश्य: अध्यक्ष वाचतो. बाकीची मुलं खाली बघतात. निवेदन थांबतं.)

हा धंदा सरकारी अनुदानावर उभा नाही. तिकिटाच्या पैशावर मंडळ चालतं, मंडळाच्या पैशावर कार्यालय आणि कार्यालयाच्या पैशावर कलावंतांपासून पडदेवाल्यापर्यंत सगळे. नफा उरला तर गावात देवळाला रंग लागतो, शाळेला काहीतरी मिळतं. सगळा डोलारा तारखेच्या शब्दावर उभा आहे.

शब्द पाळूनही तारीख हातची जाते. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा वहीतल्या पटाच्या रात्री कोऱ्या पडल्या. काही गावांनी पट नसतानाही नाटक धरून ठेवलं, काहींनी सोडलं. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा वाट दिली आणि पटावर बैल परतले. मधल्या काळात टाळेबंदी येऊन गेली. त्या हंगामाची वही मालकांनी आम्हाला दाखवली. तिच्यात पेन्सिल आहे, पेन नाही. अवकाळी पाऊस, बुडालेली बाकी, कर्ज काढून दिलेली उचल, रात्रीच्या रस्त्यावरचे अपघात, हेही या धंद्यात आहे.

(दृश्य: दुपार. टेम्पोत पडदे, पेट्या, ऑर्गन चढतो. गाडी वैनगंगेचा पूल ओलांडते.)

आजचं गाव नदीपलीकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूला. पथक निघतं तेव्हा ऊन असतं. कलावंत मागच्या गाडीत. कालचा प्रयोग पहाटे संपला, म्हणून बहुतेक जण झोपलेत. नव्या नाटकाला तालमीसाठी मिळतात ते हंगामाच्या सुरुवातीचे थोडेच दिवस. पुढे विंगेत बसून नटांना संवाद सांगणारा प्रॉम्प्टर सांभाळून घेतो. तो नट नाही, पोस्टरवर त्याचा फोटो नसतो. पण कलावंतांच्या वहीत पहिलं पान त्याचं आहे.

(दृश्य: संध्याकाळ. रिक्षावरचा भोंगा गल्लीतून फिरतो. बायका डोक्यावर सतरंज्या घेऊन निघाल्यात.)

बसायला काहींना खुर्च्या, काहींना जमीन. थंडी कडाक्याची. माणसं घरून घोंगड्या, चादरी घेऊन येतात, पोरांना मांडीवर झोपवतात आणि विनोदी नट आला की उठवतात. मालक मैदानात येत नाहीत. ते कनातीबाहेर तिकीट खिडकीच्या बाजूला उभे राहतात आणि रांग बघतात. रांग कुठवर गेली यावरून त्यांना या मंडळाची पुढच्या वर्षीची तारीख कळते, असं ते म्हणतात.

मंचामागे दार असलेली खोली आहे. शाळेचा वर्ग आहे तो. फळ्यावर अजून बेरजा लिहिलेल्या आहेत, खाली आरसा टेकवलेला आहे.

(दृश्य: पडदा उघडतो. ऑर्गन, तबला. हजार-एक चेहऱ्यांवर मंचाचा उजेड. बराच वेळ निवेदन नाही.)

(दृश्य: पहाट. मैदानात सतरंज्या गोळा होतायत.)

मंडळाची मुलं आता मंचावर बसलीत. मध्ये रुमाल पसरलाय आणि त्यावर रात्रीची तिकिटं आणि नोटा. त्यांचे डोळे तांबारलेत. कार्यालयाची बाकी मोजून दिली जाते. थोडे पैसे कमी पडतात. अध्यक्ष कुणाला तरी हाक मारतो. एक म्हातारा पुढे येतो, धोतराच्या कनवटीतून घडी केलेल्या नोटा काढतो आणि रुमालावर ठेवतो. मालक पावती फाडतात. म्हातारा पावती घेत नाही, मुलांकडे द्या म्हणतो.

टेम्पोत पडदे चढलेत. ऑर्गनवर ताडपत्री ओढली जाते. आज रात्रीचं गाव सिंदेवाहीकडे, मधे दोन तास झोपायला मिळाले तर मिळाले. गाडी सुरू होताना मालकांचा फोन वाजतो. ते खिशातून पेन्सिल काढतात.

"बोला जी. कोनतं गाव?"